वरच्या खोलीचा विस्तव

२२ जुलै २०२५, आळंद

आज जेवताना सांगून टाकलं. वरची खोली आता भाड्यानं द्यायची नाही, तिथं मी राहणार. राहणार म्हणजे नुसती झोपणार नाही. चूल मांडणार, माझं मी करून खाणार.

लेकाचा, प्रशांतचा, घास हातातच राहिला. "अव्वा, काय झालं? कुनी काय बोललं का तुला?"

"कुनी काई बोललं न्हाई."

"मग कामून?"

कामूनला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते ताटावर बसून सांगण्यासारखं नव्हतं. त्रेसष्ट वर्षांची झाले. माहेरी करजगीला होते तेव्हा अप्पांच्या वेळेला जेवले. आळंदला सून होऊन आले तेव्हा सासऱ्यांच्या वेळेला, नोकरी लागली तेव्हा शाळेच्या घंटेला, शेवटी शेवटी यांच्या गोळ्यांच्या वेळेला. हे जाऊन दोन वर्षं झाली, आता सुनेच्या दुकानाच्या वेळेला जेवते. मला एकदा भर दुपारी चारला, केवळ मनात आलं म्हणून, तिखटजाळ झुणका करून एकटीनं खायचा आहे. मराठीच्या निवृत्त बाईंनी एवढ्यासाठी घर सोडलं म्हटलं तर लोक हसतील. म्हणून म्हटलं, "मला वाटलं म्हणून."

सुनेनं, मल्लेश्वरीनं, माझ्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी टाकली आणि वर कमी मिठाचं वरण वाढलं. माझं बीपी माझ्यापेक्षा तिच्याच डोक्यात जास्त असतं.

२४ जुलै

आमच्या घरात एक रीत आहे. कुणी वेगळं निघालं की घरच्या कर्त्या बाईनं जुन्या चुलीतला विस्तव आपल्या हातानं नेऊन नव्या चुलीत घालायचा. विस्तव मिळाला तर राजीखुशीनं निघाले असं धरतात. नाही मिळाला तर भांडून निघाले, मग तुम्ही कितीही गोड हसा. गॅस आला तरी रीत सुटली नाही. धाकटी जाऊ वेगळी निघाली तेव्हा मी गॅसवर पणती पेटवून तिच्या घरापर्यंत पदराआड नेली होती, आणि वाटेत दोघीही रडलो होतो.

आता कर्ती बाई मल्लेश्वरी. हे गेल्यावर किल्ल्यांचा जुडगा मीच तिच्या कमरेला अडकवला, फार मोठेपणानं. तेव्हा कुठं कळलं होतं की एक दिवस माझाच विस्तव तिच्याकडे मागावा लागेल.

आज मागितला. पंधरा ऑगस्टला वर जाईन म्हटलं, दिवसही चांगला आहे.

"म्या न्हाई देणार, आत्या."

"कामून?"

"रत्नम्माक्का शेजारी बसूनच हाईत. सुनेनं म्हातारीला वर टाकली म्हणतील. तिकडं चिंताकीपतूर बातमी जाईल, माझ्या माहेरला." मग भांडी आवरता आवरता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आन ते दुधाचं?"

दुधाचं म्हणजे जूनमधलं. गॅसवर दूध ठेवलं आणि मला जरा डोळा लागला. दूध आटलं, पातेलं काळं पडलं, थोडाफार धूर झाला. एवढंच. त्या दिवसापासून मला गॅसजवळ फिरकू देत नाही. सकाळी चहा थर्मासमध्ये भरून ठेवते आणि रेग्युलेटर बंद करून दुकानाला जाते. एक पातेलं जळलं म्हणून माणसाचं स्वातंत्र्य जप्त होतं का?

२९ जुलै, पंचमी

नलिनीबाई आल्या होत्या. आमच्या जुन्या मुख्याध्यापिका, आता महिला मंडळाच्या अध्यक्ष, म्हणजे हुकूम सोडायची सवय तशीच. "उमादेवी, पंधरा ऑगस्टला तुम्ही बोलायचं. स्वातंत्र्य या शब्दाचा अर्थ आणि त्याचं मूळ. देशभक्तीचं भाषण नको, ते आमदार करतात."

मी लगेच हो म्हटलं. या विषयावर सध्या माझा अभ्यास चालूच आहे.

मल्लेश्वरी पंचमीला माहेरी गेली नाही. भाऊ न्यायला येतो म्हणाला तरी नको म्हणाली. दुकानाला गर्दी असते म्हणे. बांगड्या-कटलरीचं दुकान, गर्दी खरी असते, पण आज तर दुकान बंद होतं. दिवसभर घरात माझ्या मागेपुढे करत होती. लाह्या फोडल्या, लाडू वळले, मला झोक्यावरसुद्धा बसवलं आणि पडू नये म्हणून दोरी धरून उभी राहिली. काय तिच्या मनात असतं तिचं तिलाच ठाऊक.

३ ऑगस्ट

सकाळी लिंगपूजा आटोपून कोश घेऊन बसले. चाळीसेक वर्षं मुलांना हा शब्द शिकवला, आणि त्याच्या आत डोकावून कधी पाहिलं नव्हतं! स्व म्हणजे आपला हे पोरालाही कळतं. पण तंत्र? संस्कृतात तंत्र म्हणजे मुळात माग. मागावर ताणलेला ताणा. व्यवस्था, नियम, राज्यकारभार हे अर्थ मागून आले. म्हणजे स्वतंत्र तो, ज्याचा माग त्याचा आहे. दुसऱ्याच्या मागावर विणतो तो परतंत्र.

इंग्रजी कोशही पाहिला. इंडिपेंडन्समध्ये जे मूळ आहे त्याचा अर्थ लोंबकळणं. त्यांचं स्वातंत्र्य म्हणजे कशाला लोंबकळत नसणं, आपलं म्हणजे स्वतःचं काही विणणं. आपलं चांगलं आहे.

करजगीला आमच्या घरी शेतीबरोबर एक माग होता. ताणा घरात मावायचा नाही म्हणून अप्पा गल्लीत ताणायचे. एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मी. सगळा ताण हातावर यायचा आणि मला तर पळायचं असायचं. जरा हात ढिला सोडला की अप्पा तिकडून ओरडायचे. किती कंटाळवाणं काम होतं ते. हे भाषणात सांगण्यासारखं नाही.

८ ऑगस्ट

प्रशांत कडगंचीला विद्यापीठाच्या ऑफिसात आहे. तिथल्या भाषेच्या प्राध्यापकांना त्यानं माझ्यासाठी विचारून आणलं. आल्या आल्या बूट न काढता सांगत सुटला, "अव्वा, मज्जा ऐक. इंग्रजीतला फ्री आन आपला प्रिय, दोन्ही एकाच मुळातले हाईत म्हणे. जुन्या काळी घरात दोन तऱ्हेची माणसं, एक गुलाम आन एक घरचे लाडके. लाडके तेच मोकळे."

"त्यांच्यात असंल तसं," मी म्हटलं. "आपल्यात लाडक्याला कुनी मोकळं सोडतंय का?"

प्रशांत हसला. मल्लेश्वरी दाराशी भाजी निवडत होती, तीही हसली. मग एकदम उठून आत गेली. भाजी तिथंच राहिली, ती मी निवडली.

१५ ऑगस्ट

आज स्वतंत्र झाले. सकाळी झेंडावंदन करून आले आणि प्रशांतनं खाट, कपाट, पुस्तकं, यांचा फोटो आणि बसवण्णांची तसबीर वर चढवली. खोलीला बाहेरून जिना आहे, दाराला स्वतःचं कुलूप. किल्ली एकच, ती माझ्या कनवटीला. आयुष्यात पहिल्यांदा माझी अशी किल्ली! मग खोलीच्या मधोमध उभी राहिले, आणि भूक लागली म्हणून खाली जेवायला गेले. विस्तव नाही तर करणार काय?

संध्याकाळी भाषण झालं. माग, ताणा, लोंबकळणं, सगळं सांगितलं. अप्पांची आठवणही सांगितली. सत्तेचाळीसच्या पंधरा ऑगस्टला तिकडं सोलापुरात पेढे वाटले आणि आमच्या गावात लोक दारं लावून बसले होते, कारण इकडं अजून निजामाचं राज्य. आपल्याकडे स्वातंत्र्य यायला तेरा महिने लागले. बायका माना डोलावत होत्या. पहिल्या रांगेत रत्नम्मा दिसल्या आणि माझ्या अंगात आलं. म्हटलं, "आणि ऐका, मी वरच्या खोलीत राहायला गेलेय. सुनेनं काढलं न्हाई. ती सोडंना म्हणून उलट मला महिनाभर भांडावं लागलंय."

हशा आणि टाळ्या. रत्नम्मांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. मल्लेश्वरी मागे भिंतीजवळ उभी होती, सकाळपासून दुकानात झेंडे विकून दमलेली. चहाच्या आधीच निघून गेली.

१६ ऑगस्ट

"आता तर झालं?" मी सकाळीच गाठलं तिला. "लोकांची तोंडं बंद केली. आता दे विस्तव."

"न्हाई."

"अगं, आता कामून न्हाई?"

"न्हाई म्हणजे न्हाई, आत्या. चहा घ्या."

सासूपणा करायचा नाही असं मी फार पूर्वी ठरवलंय, नाहीतर आज केला असता. हट्टी आहे. चिंताकीची माणसं अशीच असतात.

२४ ऑगस्ट

वर छान चाललंय. रेडिओ पाहिजे तेवढा मोठा लावते. पुस्तक पोटावर घेऊन झोपते. चुरमुरे खाते. वाऱ्याची बाजू आहे, आणि गच्चीवरून दर्ग्याचा घुमट दिसतो. फक्त एक त्रास आहे. मल्लेश्वरी दिवसातून तीनतीनदा वर येते. एकदा मीठ आणायला आली, आणि माझ्याकडे चूलच नाही तर मीठ कुठलं? एकदा पापड वाळत घातलेत का ते पाहायला. काल दुपारी मी आतून कडी लावून झोपले होते, तर दार फोडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. मी डोळे चोळत उघडलं. पांढरीफटक झाली होती.

"काय गं?"

"काई न्हाई. कपडे वाळत घातल्ते, ते काडायला आल्ते."

बाहेर पाऊस पडत होता. गच्चीवर एक चिंधीसुद्धा नव्हती. तपासायला येते दुसरं काय. मी तिला स्पष्ट सांगितलं, की यापुढे विचारल्याशिवाय वर यायचं नाही. मान हलवली आणि गेली. संध्याकाळी जेवायला खाली गेले तर माझ्या आवडीची पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी केलेली होती, आणि तिनं स्वतः काही खाल्लं नाही.

२ सप्टेंबर

मल्लेश्वरीनं प्रशांतच्या हाती वर विजेची शेगडी पाठवली. इंडक्शन. पातेलं उचललं की आपोआप बंद होते, वेळ लावून ठेवता येते, वगैरे वगैरे. प्रशांत कंपनीच्या माणसासारखा गुण सांगत होता.

"भाकरी फुगती का हिच्यावर?"

"न्हाई फुगत वाटतं."

"आन विस्तव कुठं घालायचा हिच्यात?"

त्यानं शेगडी उलटी करून पाहिली. मग आम्ही दोघं पोट धरून हसलो. पण शेगडी मी परत पाठवली. जाळ नसलेली चूल म्हणजे मुलाला भातुकली देऊन गप्प बसवणं झालं. मी काय खेळायला वर गेले आहे?

९ सप्टेंबर

आज जे झालं ते लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते.

दुपारी मल्लेश्वरी जेवायला दुकानातून आली तेव्हा मी निर्वाणीचं सांगितलं. "तू देत न्हाईस ना, मग मी रत्नम्माकडून विस्तव आणते." असं करणं म्हणजे चारचौघांत घराच्या तोंडाला काळं फासणं, हे तिला ठाऊक आणि मलाही. म्हणूनच म्हटलं.

ती चिडेल वाटलं होतं. ती उंबऱ्यावर बसली आणि रडायला लागली. सोळा वर्षांत तिला एवढं रडताना मी पाहिलं नव्हतं.

"मला लोकाचं काई न्हाई, आत्या. लोक गेले खड्ड्यात. मला भ्या वाटतंय."

"कशाचं?"

"त्या दिवशीचं. तुम्हाला काई ठाऊकच न्हाई. म्या आले तवा घरभर धूर हुता. सैपाकघराचा पडदा जळून खाली आल्ता. तुम्ही पलंगावर. म्या हाका मारल्या, हलिवलं, तोंडावर पाणी मारलं, तुम्ही उठंनात. मला वाटलं गेलाव तुम्ही. म्या गॅस बंद केला आन तुमच्या पलंगापाशी फरशीवर बसले. रडायबी येईना मला." पदरानं नाक पुसलं. "मग तुम्ही डोळे उघडलाव आन म्हणलाव, काय गं मल्लू, आज दुकान एवढ्यात बंद केलीस?"

पडदे नवे झालेत हे मला दिसलं होतं. श्रावणासाठी बदलले असतील असं समजले होते. तोंड ओलं होतं ते घामानं असेल असं वाटलं होतं.

"प्रशांतला सांगितलीस?"

"कशाला सांगू? सांगितलं असतं तर त्यांनी तुम्हाला एकटीला अंघुळीला तरी सोडलं असतं का? कलबुर्गीचा डॉक्टर, तपासण्या, बाई ठिवायची, समदं झालं असतं. तुम्हाला असलं आवडत न्हाई. म्हणून म्या एकटीच बघत बसले."

म्हणजे तीन महिने ही बाई एकटी हे पोटात घेऊन फिरत होती. आणि मी वहीत काय काय लिहून ठेवलंय. मागची पानं वाचवत नाहीत. मी तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसले. तिचा हात हातात घेतला, बांगड्या विकून विकून काचेचे ओरखडे पडलेला हात. मला ही पोर पोटच्या लेकीइतकी प्रिय आहे, हे मी तिला आजवर कधी सांगितलं नव्हतं. आज सांगितलं. ती आणखीच रडली. दुकान दुपारनंतर उघडलंच नाही.

११ सप्टेंबर

मल्लेश्वरीबरोबर डॉक्टरांकडे जाऊन आले, आपणहून. बीपीची गोळी जरा जास्त होती, तिच्यानं गुंगी यायची. गोळी बदलली. मीठ मात्र कमीच ठेवायला सांगितलं. मल्लेश्वरी डॉक्टरांसमोर माझ्याकडे बघून अशी हसली की बस्स.

विस्तवाचं मी काही काढलं नाही. तिनंही नाही. खरं सांगायचं तर मलाही आता जरा भीती वाटते. रोज खाली जेवून वर झोपायला काय हरकत आहे? असंही म्हणून पाहते मनाशी. पण ते पटत नाही. भीती वाटते म्हणून माग विकून टाकायचा का?

१४ सप्टेंबर

बसस्टँडजवळ जाऊन खोलीची दुसरी किल्ली करून आणली. मल्लेश्वरीच्या जुडग्यात मीच अडकवली.

"हे काय?"

"वरची किल्ली. तुझ्याकडं राहू दे. आन दुपारी मी आतून कडी लावणार न्हाई. वाटंल तवा येत जा, कपडे काढायला."

कपड्यांवर ती ओशाळून हसली. किल्ली बोटांनी चाचपत राहिली. मी बदल्यात काही मागितलं नाही. किल्ली देताना मला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. भाषणात ताण्याचं दुसरं टोक धरणारं माणूस सांगायचं राहूनच गेलं. दोन्ही टोकं एकट्यानं धरून आजवर कुणी ताणा ताणला नाही, हे मला लहानपणीच ठाऊक होतं की!

१७ सप्टेंबर

सकाळी शाळेत झेंडावंदनाला गेले. कल्याण कर्नाटक उत्सव म्हणतात आता, आमच्या वेळी विमोचन दिन म्हणायचे, निजामाचं राज्य गेलं तो दिवस. येऊन नुकती टेकले होते तर जिन्यावर पावलं वाजली. पुढे मल्लेश्वरी, इरकली नेसलेली, हातात पणती, ज्योतीला पदराचा आडोसा. मागे प्रशांत, एका हातात छोटा सिलिंडर, दुसऱ्या हातात एका बर्नरची शेगडी, धापा टाकत.

"घ्या आत्या. खालच्या चुलीचा हाय."

मी लगबगीनं उठले. "आज कसं काय सुचलं?"

"तुम्हीच तर भाषणात सांगितलाव." ती हसत होती, डोळे मात्र भरलेले. "आपल्याकडं पंदरा ऑगस्टला कुटं आलं हुतं? आपल्याकडं जरा उशिरानंच येतंय."

एवढी वर्षं मी मुलांना हे शिकवलं आणि मुहूर्त काढला तो सोलापूरवाल्यांचा!

प्रशांतनं शेगडी जोडली. पणतीच्या ज्योतीनं मल्लेश्वरीनं बर्नर पेटवला. नव्या चुलीवर आधी दूध उतू घालवायचं असतं, आणि त्यासाठी तिनं नेमकं दूधच आणलं होतं. आम्ही दोघी पातेल्यासमोर उभ्या राहिलो. साय धरली, कडेनं बुडबुडे आले, दूध वर चढायला लागलं. मल्लेश्वरीचा हात बटणाकडे गेला. मी पाहिलं. हात अर्ध्यावर थांबला, आणि तिनं तो मागे घेऊन पदरात गुंडाळला. दूध उतू गेलं, चांगलं शेगडीभर गेलं. मग बटण मी बंद केलं.

चारला झुणका केला. मिरच्या मोजल्या नाहीत, मीठ मात्र बोटानं मोजून घातलं. भाकऱ्या टम्म फुगल्या. ताट वाढून घेतलं, एकटीनं पहिला घास घेतला. नाकाडोळ्यांतून पाणी आलं. असं जेवण मी जन्मात जेवले नव्हते.

दुसरा घास घेतला आणि दार वाजलं. किल्ली तिच्या जुडग्यात होती, कडी मी लावलेली नव्हती, दार नुसतं लोटलेलं होतं. तरी तिनं वाजवलं.

"कोण?" मी विचारलं.

"म्या हाय, आत्या. येऊ का?"

मी लगेच हो म्हटलं नाही. घास नीट चावून गिळला, पाणी प्याले. मग म्हटलं, "ये." आणि दुसरं ताट घेतलं.